आठ फूट एक इंच

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी लाकडाचे साचे केले,
पंपाचे, पुलीचे,
आणि ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही
अशा यंत्रांच्या पोटातल्या भागांचे.
बीड थंड होताना आकसतं
म्हणून आमची पट्टीच वेगळी:
तिच्यावरचा फूट
बाजारातल्या फुटाहून एक सूत मोठा.

नोकरी संपल्यावर परड्यात एक खोली बांधली,
पिकअपच्या हौद्यात सरकवायची
आणि निघायचं, अशी.
प्लाय, वर पत्रा, पलंग, शेगडी,
साठ लिटरची टाकी, देवांना कोनाडा.
मालन म्हणाली, देवांना पट्टा लावा,
चोर्ल्याच्या वळणावर पडतील.
चार जॅकवर खोली उभी राहिली.
खाली सावलीला कोंबड्या बसायला लागल्या.

मग गाडी शोधायची.
बसू हडपदला बरोबर घेतलं.
त्याला पाटे कळतात,
मालनला विकणारा.

आधी खोलीच वजनकाट्यावर नेली
ट्रॉलीत घालून,
उसाच्या दोन ट्रॅक्टरांच्या मधे.
काटेवाल्यानं विचारलं, ई मने एल्लिगे?
हे घर कुठं?
मी म्हटलं, अजून ठरलं नाही.
सहाशे दहा किलो.
वर पाणी, सिलिंडर, आम्ही दोघं,
आणि मालनचं शिलाई मशीन,
ज्याच्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

खानापुरात दूधवाल्याची गाडी, देखणी.
बसू तिच्या खाली शिरला,
जीभ चुकचुकत बाहेर आला.
कागलला एक स्वस्तात मिळत होती
पण नंबर पलीकडचा.
कोगनोळीचा नाका आम्ही हजारदा ओलांडलाय,
गाडीनं नाव बदलून ओलांडायचा
तर कागदांचा निराळा संसार.
चिकोडीच्या गाडीचा मागचा आस फार पुढं;
मी ओळंबा धरून दाखवलं
भार कुठं पडेल ते.
मालकाला तो ओळंबाच अपशकुनी वाटला.
निपाणीला चार दारांची होती,
मागं हौदा सुपाएवढा.
मालन आतल्या सीटवर हात फिरवत म्हणाली,
मागं बसायला आहे कोण?

शेवटी बेळगावातच, आठ फुटी.
पाटे बरे, आस जागेवर, भाव जमला.
खोली सरकवली.
फाळका लागेना.
मी पट्टी काढली. मग बाजारातली काढली.
दोन्ही शेजारी ठेवून
बराच वेळ पायरीवर बसून राहिलो.
आठ फुटांवर आठ सूत.
हाताच्या सवयीनं मी घरालाही
आकसायला जागा ठेवली होती.
मालन हसली नाही.
म्हणाली, थंड होऊ दे की मग.

संकेश्वरला दस्तगीर नदाफांची गाडी
आम्ही बघायलाही जाणार नव्हतो.
बारा हंगाम मिरचीची पोती.
हौद्यात पाय ठेवला तसे तिघं शिंकलो.
पाट्यांत एक जास्तीचा घातलेला,
त्यानं तो आधीच सांगितला;
मालननं माझ्याकडं बघितलं.
मागचा फाळका मात्र पोत्यांनी रेटून रेटून
बिजागऱ्यांसकट बाहेर गेलेला,
कडीऐवजी साखळी.
नदाफ ओशाळून म्हणाले,
ठोकून सरळ करून देतो, तेवढे पैसे कमी करा.
मी ओरडलो, हात लावू नका!
आतून मापलं, बाजारातल्या पट्टीनं,
दोन्ही कडांना.

संध्याकाळी परड्यात जॅक उतरवले.
पाटे जरा कुरकुरले,
पाहुण्यासाठी सरकून घेतात तसे दबले.
साखळी लागली.
कोंबड्या भांबावून फिरल्या
आणि गाडीखाली जाऊन बसल्या.

मालन आत गेली, शिंकली,
उशाच्या खिडकीतून डोकं काढून म्हणाली,
मी चढलो बघा.
अगं बाई, आपल्या भिंतीपलीकडं
विहीर आहे की ओ!

मी पण चढलो.
होती विहीर.
किल्ली बसूच्या खिशातच राहिली होती
आणि तो घरी जेवायला गेला होता.