गुळाच्या काट्यावर

दर शनिवारी सकाळी
शाहूपुरीत, गुळाच्या वखारीत
दस्तगीरचाचा काटा पुसून घेतात ओल्या फडक्यानं,
कारण मागं एकदा ढाकनं
वजन द्यायचं सोडून काटाच चाटला होता.

ढाक म्हणजे आमचा कुत्रा.
आप्पांनी नाव ठेवलं डावावरनं.
मांजराचंही तसंच.
तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कबुतरामागं झेपावली,
मागचा पाय गेला, जीव राहिला,
तिचं नाव एकलंगी.
त्या दिवशी आप्पांनी गॅलरीला जाळी मारली
खिळे दातांत धरून,
कुणाशी काही न बोलता.

ढाक पहिल्यांदा काट्यावर चढला तेव्हा बेचाळीस भरला.
तीस किलोचा रवा, नि वर बारा.
चाचा म्हणाले, "पैलवान, ह्यो माल कुठल्या पेठेला धाडायचा?"
माल शेपूट हलवत होता.

हेरवाडे डॉक्टरीणबाईंनी कागदच लिहून दिला.
हाडं बंद. शिजवलेली तर मुळीच नकोत, फुटून आत टोचतात.
तांबडा बंद, पांढराही बंद,
कांदा-लसूण त्याच्या रक्ताला बाधतो.
गूळ बंद.
चालणं, दोन वेळ, रोज.
आप्पा कागदाकडं बघत राहिले
पंचानं वाईट निकाल दिल्यासारखे.
"खुराक तोडायचा म्हंजे
पोराला उपाशी मारायचंच की ओ, बाई."
बाईंनी एकदा आप्पांच्या पोटाकडं बघितलं
आणि ढाकला लस टोचली.

त्या रात्री जेवताना बोलले,
मला की ताटाला, कळलं नाही,
"आमच्या तालमीतला बळवंत चौगुले.
गुडघा गेला, मेहनत सुटली,
खुराक तेवढा सुटला न्हाई.
दूध त्येच, तूप त्येच, बदाम त्येच.
चाळिशीत गेला.
तिरडीला आठजण लागले."
ढाक मांडीशी बसला होता, नळीच्या वासावर.
नळी ताटातच राहिली.
मटण टाकून उठलेले आप्पा
मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

आता पाचला रंकाळा.
संध्यामठापासनं निघायचं, जमेल तेवढं.
शालिनी पॅलेसच्या वळणावर दोघंही बसतात,
आणि कुणी विचारलं तर आप्पा सांगतात,
"कुत्रं दमलंय."

घरी आल्यावर त्याला उताणा पाडून
गोचीड शोधतात, कानामागं, बगलेत, बोटांच्या फटीत.
चाळीस वर्षं पोरांची अंगं मळलेली बोटं ती,
कुठं काय दुखतंय ते कातड्यालाच विचारतात.
मग एकलंगीची पाळी.
जुन्या लंगोटाची नाडी फरशीवर हलवायची,
ती तीन पायांवर पवित्रा घेते,
आणि वस्तादांचं चालू,
"वजन पुढं टाकू नगं. थांब. आता."

या शनिवारी सदतीस भरला.
चाचांनी वहीत लिहिलं, गुळाच्याच वहीत,
रव्यांच्या रांगेखाली: ढाक, ३७.

काल विसर्जन होतं.
मिरवणूक आमच्या बोळाच्या तोंडाशी दीड तास अडली,
डॉल्बीनं मांडणीवरचे पेले सरकत होते.
आप्पांनी दुपारीच खिडक्या लावलेल्या,
मधल्या खोलीत वाकळ अंथरलेली,
पाण्याचं भांडं भरून ठेवलेलं.

आप्पांचे कान कधीच मोडलेत,
मातीत घासून घासून भज्यांसारखे झालेत.
त्यांना डॉल्बी ऐकू येतो, पण लांबनं,
दुसऱ्या गावच्या जत्रेसारखा.
ढाकचे कान शाबूत.
ते त्यांनी दोन्ही तळव्यांखाली झाकून धरले होते,
आणि त्याचं डोकं पोटावर,
बाईंनी बघितलं होतं त्याच पोटावर.

एकलंगी कपाटावरनं बघत होती.
बारानंतर बाहेर सगळं शांत झालं,
तरी आप्पा हलले नाहीत.
मी म्हटलं, "उठा आता, पायाला मुंग्या आल्या असतील."
"येऊंदेत," म्हणाले.
"दार लोटून घे.
ह्याची धडधड अजून उतरायची हाय."