खांब क्रमांक एकशे बारा

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
पहाटे साडेपाचला गावठाणाच्या तोंडाशी रामसुमेरची रिक्षा,
आत आई, मी, थर्मास, फाइल,
आणि तिच्या उजव्या मुठीत जपमाळ.
डावा हात मोकळा ठेवायचा. तो डायलिसिसचा.
कातडीखाली तिथं रक्त घुरघुरायचं,
बंद करायला विसरलेल्या इंजिनासारखं.

पित्याच्या आणि पुत्राच्या म्हणेपर्यंत मरोळ नाका.
रस्ता ती किलोमीटरमध्ये मोजत नसे.
साकीनाक्यापर्यंत एक रहस्य.
कुर्ल्याच्या सिग्नलला तिसरं,
लाल दिवा लांबला तर चौथ्यालाही तिथंच हात.
बांद्र्याला हॉस्पिटलच्या गेटात पाचवं संपलं पाहिजे,
नाही संपलं तर रामसुमेरला म्हणायची,
अजून एक चक्कर मार.
तो मारायचा. मीटर चालूच.

मंगळवारी दुःखाची रहस्यं.
गुरुवारी प्रकाशाची म्हणा, असं फादरनी दोनदा सांगितलं,
पण ती नवीन निघालेली. तिनं मानली नाहीत.
"माझ्या आयेला पंधरा पुरली, मला वीस कशाला?"

उत्तर द्यायचं काम माझं:
अर्धं तोंडातल्या तोंडात, अर्धं मेसेज टाइप करताना.
आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, इथवर आलं
की नेमका खड्डा यायचा
आणि आमेन दातांवर आपटायचं.

खांब क्रमांक एकशे बारा आला
की आई उजवा हात कपाळाला न्यायची.
मेट्रोचा खांब. वर कोचिंग क्लासचं पोस्टर,
खाली अंगाचं वेटोळं करून कुत्रा.
प्लेगच्या सालात तिच्या पणज्यानं आणि चार शेजाऱ्यांनी
तिथं चुन्याचा क्रूस उभारला होता,
घरातली माणसं पुरून आले त्याच आठवड्यात.
रस्ता रुंद झाला तेव्हा महापालिकेनं तो उचलून
सत्तर पावलं आत, बँकेच्या भिंतीला लावून ठेवला.
नीट ठेवला. रंग दिला, टाइल्स बसवल्या,
मे महिन्यात आम्ही तिथंच लितानी म्हणतो.
"अगं, क्रूस तिकडे गेला," मी म्हणायचे.
"क्रूस गेला, बाय. जागा कुठं जाते?"

ती गेली घरी, झोपेत.
रस्त्यावर नाही, सुया टोचलेल्या खुर्चीतही नाही.
दिवसातून पन्नास वेळा जिची तजवीज केली
ती वेळ न सांगता आली,
आणि शेजारच्या खोलीत मी गाढ झोपले होते.
एस्कोलास्टिका, वय एकोणऐंशी, फॉर्मवर लिहिलं.
मरणाच्या वेळेचा रकाना
डॉक्टरांनी अंदाजानं भरला.

काल ऑफिसला उशीर झाला म्हणून
पाच महिन्यांनी रामसुमेरला फोन केला.
तो विचारत नाही, मी सांगत नाही.
मागच्या सीटवर जागा फार झाली होती.
मी मोबाइल काढला, आलेले सतरा मेल उघडले,
आणि रिक्षा अचानक हळू झाली.
"गड्ढा है, दीदी."
मी वाकून पाहिलं.
एकशे बारा.
खड्डा गणपतीच्या आधीच बुजवला होता,
वर डांबर, काळं, सपाट, अजून वास येणारं.

हात वर गेला.
कपाळ, छाती, मग डावा खांदा,
आणि तिथं माझी बोटं थांबली,
कारण ती बाजू आम्ही इतकी वर्षं जपली होती.

माळ घरी, तिच्या उशीखाली. बोटांवर मोजू लागले.
साकीनाका दिसायला लागला
तेव्हा मी कुठं चौथ्यावर होते.
आई असती तर म्हणाली असती, बाय, मागं पडलीस.
पहिला अर्धा भाग मी मोठ्यानं म्हटला
आणि सवयीनं गप्प बसले,
आता दुसरा अर्धाही माझाच हे ध्यानात यायच्या आत.

तीन वर्षांत रामसुमेरनं आमच्यातला एकच शब्द उचललाय.
तो त्यानं चुकीच्या जागी म्हटला,
आमेन,
आणि गिअर टाकला.