एका भागाला पन्नास विड्या

'टोणपे कंपनी'चा एक भाग म्हणजे पन्नास विड्या.
जाहिराती लागल्या की बोटं पळतात,
आप्पा टोणपेनं तोंड उघडलं की अडखळतात.
हा हिशोब माझा नाही, बालामणी अक्काचा.
सतरा वर्षं तिनं मांडीवरच्या सुपात
ही मालिका मोजलीय.

विडी घरकुलात तिची पुढची खोली.
आम्ही सहाजणी तिथंच बसतो, कारण टीव्ही तिचा मोठा
आणि आवाज कमी कर म्हणणारा नवरा
तिच्या घरात उरलेला नाही.

आप्पानं कुणाला सोडलं नाही.
मंत्र्याच्या हरवलेल्या चपला,
उपासाच्या बुवाची पिशवीतली चकली,
स्वतःच्या आईच्या तेराव्याला जिलेबीवरून मारामारी.
देवाला तर तो 'ओ शेठ' म्हणतो,
आणि उधारी मागतो.

राजव्वा म्हणते, पहिली पाच वर्षंच खरी.
तेव्हा आप्पाची बायको उलटून बोलायची,
आता तिला नुसता चहा आणायला ठेवलंय.
पद्मा म्हणते, तुला काय कळतंय,
धाकटा जावई आल्यापासनंच मजा हाय.
जुना आप्पा गेल्याला सात वर्षं झाली,
पण इरम्मा अजून ह्याला 'नवा'च म्हणते,
जशी माझी सासू मला.

दारात हत्तुरे काका.
असलं आचरट घरात लावू नये, असं रोज सांगतात
आणि अख्खा भाग उंबऱ्याबाहेर उभ्यानं बघतात.
चप्पल काढत नाहीत.
चप्पल काढली तर बघितल्यासारखं होईल.

चार दिवसांआड पाणी येतं, तेही नेमकं साडेआठला.
मग एकीनं नळावर जायचं
आणि बाकीच्यांनी खोलीतनं ओरडायचं :
"आप्पा पडला गं गटारात!"
"कुठल्या गटारात?"
"कळशी बग की आदी, भरून वाहूलालीय!"

गेल्या मंगळवारी आप्पा आमच्यासारख्याच एका गावात आला.
ओट्यावर एक बाई विड्या वळत होती.
ती खोकली.
आप्पा म्हणाला, "न ओढताच खोकला?
वा बाई, माल विकून मजा फुकट!"
हसण्याचा तो ठेवणीतला आवाज वाजला, नेहमीपेक्षा लांब.

पद्मा हसली, मग अर्ध्यावरच
ते जांभईत वळवलं.
कात्र्या थांबल्या.
आणि नेमकी त्याच वेळी बालामणी अक्का खोकली,
मुद्दाम नाही,
ती रोज ह्याच वेळी खोकते.

"बंद कर ते," राजव्वा म्हणाली.
पद्मा म्हणाली, "का? बुवाला हसला, देवाला हसला,
तवा ग्वाड लागत हुतं की."
इरम्मा म्हणाली, जुना आप्पा असता तर
हेच बोलला असता, पण डोळे खाली घालून.
मी काहीच म्हणाले नाही. मला हसू आलं होतं,
ते कुठं ठेवावं कळत नव्हतं.

अक्कानं पाणी प्यायलं, तोंड पुसलं.
"खोकला खोटा हुता," ती म्हणाली.
"असं गळ्यातनं कोण खोकतंय? हितनं येतंय ते,"
आणि छातीच्या खाली बोट ठेवलं.
"आन् पान उलटं धरून वळूलालती ती, बगितलंव का?
शिरा बाहेर!
असली विडी कारखान्यात पयली छाट."
तिचा राग तेवढ्यावरच होता, किंवा तेवढाच तिनं दाखवला.

त्या भागाला माझ्या अडतीसच झाल्या.
दुसऱ्या दिवशी जमा करताना तपासनिसानं
नऊ बाजूला काढल्या, मान वर न करता म्हणाला,
"काल टोणपे बघितलाव जणू."
कुणालाच पुढं बोलता आलं नाही, त्यालाही.

साडेआठला पाचजणी होतो. राजव्वा आली नाही.
पावणेनऊला आली, सूप घेऊन,
म्हणाली, घरी लाईट गेलीय.
गल्लीत सगळीकडं लाईट होती.

हत्तुरे काकांनी चप्पल काढली
आणि आत, अक्काच्या शेजारी, फरशीवर बसले.
आप्पा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही,
मी काकांचे पाय बघत होते,
भेगांत चुना भरलेला,
आणि बोटांनी आपोआप दोरा गुंडाळला होता.