दोनाचा वाटा

जुलेखा पाच-पाच बांगड्यांचे वाटे मांडते.
मी म्हणते, दोनच दे.
"दोनाचा वाटा होत नाय गो,"
म्हणते, आणि देते.

खोली नंबर सात. मागे भाट्याची खाडी.
भाडेपावतीवर अख्खं नाव :
प्रभावती धोंडू शिवलकर.
एकोणीस वर्षं मी नुसती बेड बावीस होते.

गुरुवारी रुबिनाताई येते.
गोळ्यांची डबी हलवून बघते,
गॅसचं बटण, लाइटबिल,
रात्रीची झोप.
चहा मी करते.
साखर जास्त झाली तरी ती पिते.

पहिले आठ दिवस
सकाळी आंघोळ करून, केस विंचरून
दाराशी उभी राहायचे,
कोणीतरी उघडेल म्हणून.
कडी आतून होती.
हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही.

आठ नंबरातले तोडणकर रात्री खोकत बसतात.
मी भिंतीवर टकटक करते,
ते उलट टकटक करतात.
दिवसा आम्ही फारसं बोलत नाही.

एक बांगडा तव्यावर.
दुसऱ्याला मीठ-हळद चोळून झाकून ठेवलाय.
उद्या काय जेवायचं
ते आजच ठरवून टाकलंय मी,
कुणालाही न विचारता.