ओलं फडकं

झाडू टाकून द्या, मी सांगते,
आणि बायका माझ्याकडे अशा बघतात
जणू मी घरच टाकून द्यायला सांगितलंय.
झाडूनं धूळ मरत नाही, नेलिदा,
ती उठते आणि दुसरीकडे बसते,
ज्याचं नाक जमिनीजवळ
त्याच्यात आधी शिरते.
ओलं फडकं घे. दोन बादल्या.
पिळलेलं पाणी अंगणात फेकू नकोस.
मग कुठे? ती विचारते.
मोरीत.
मोरी कुठाय इथे, मिर्ता?

मी वहीत बघते.
वहीत लाऊतारो, वय तीन,
रक्तात शिसं : एकोणीस.
गेल्या वर्षी याच पोराबद्दल मी म्हटलं होतं,
द्वाड आहे, वळण लावा.
ते वाक्य पुसायला फडकं नाही माझ्याकडे.

शिसपेन्सिलीत शिसं नसतं
हे आम्हाला शाळेत शिकवलं.
अंगणात असतं, हे कोणी शिकवलं नाही.
मोंतेविदेओच्या या टोकाला, ओढ्याकाठी, एक भट्टी होती.
भट्टी गेली, मालक गेला,
नाव तेवढं राहिलं बसथांब्याला.
राखेवर घरं आली, घरांपुढे टोमॅटो,
टोमॅटोंखाली
जे होतं तेच.

आणि संध्याकाळी वाल्देमार तारा जाळायचा.
काळं प्लास्टिक, हिरवट ज्योत,
आत हळूहळू उजळत जाणारं तांबं.
हातगाडी ढकलत अर्धं शहर पालथं घालून आणलेली तार.
त्या तांब्यावर महिन्याचं दूध.
पोराला दूध द्या, शिसं कमी मुरतं,
हेही मीच सांगितलेलं.
आता बंद कर म्हणू ते कशाला,
धुराला की दुधाला?

तो ओरडला माझ्यावर. बरोबर ओरडला.
तीन आठवडे दिसला नाही.
चौथ्या आठवड्यात दारात बसलेला,
मांडीवर गोणपाट, हातात मटणाची सुरी,
ऊस सोलावा तशी तार सोलत.
सोललेल्याला किलोमागे जास्त देतात, म्हणाला,
पण जाळायला तास लागायचा, याला दोन दिवस.
बोटं बघ.
बघितली.
मलम दिलं. एवढंच होतं कपाटात.

मग नगरपालिकेचा ट्रक आला, नवी माती घेऊन,
विषम नंबरांच्या घरांसाठी.
सम नंबर पुढच्या अंदाजपत्रकात.
नेलिदा बत्तीस नंबरात राहते.
अंधार पडल्यावर एकतीसमधली ओल्गा
ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडून आली. दोन खेपा.
आमच्याकडे खड्डाच लहान निघाला, म्हणाली,
आणि कोणी काही विचारायच्या आत परत गेली.
आता तिथे गवत आहे. फार नाही.
दोन चटयांएवढं.

पाहणीला साहेब आले तेव्हा
लाऊतारो उंबरठ्यात आडवा उभा.
बूट, म्हणाला.
साहेब हसले. पोरगं हसलं नाही.
बूट निघाले.
डाव्या मोज्याला भोक, त्यातून अंगठा बाहेर.
नेलिदानं त्या अंगठ्याकडे बघतच
सम नंबरांचा विषय काढला.

परवाचा आकडा बारा.
चांगला आकडा कोणता गं, नेलिदानं विचारलं.
शून्य, मी म्हणाले.
तिनं फडकं पिळलं.
पाणी अजून करडंच येतं.

ते पाणी ती हल्ली झाकणाच्या डब्यात साठवते
आणि दर शुक्रवारी मला आणून देते,
लोणच्याची बरणी द्यावी तसं, दोन्ही हातांनी.
मी दवाखान्याच्या मोरीत ओतते.
नळ सोडते. बराच वेळ सोडते.
ती मोरी पुढे कुठे जाते,
ओढ्यालाच की काय,
हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.