तार काढायचे दिवस

ऐरोलीत थंडी येते
म्हणजे पंखा चारवरून दोनवर येतो,
आणि दक्षिणेकडे कललेलं ऊन
गॅलरी ओलांडून चपलांच्या रॅकपर्यंत पोचतं.
एवढ्यावर झाडांना कळतं.
अडेनियम पानं टाकतं, पिवळी, दोन-दोन,
सकाळी केरात सापडतात.

पाणी कमी करायचं.
हे कळायला मला तीन हिवाळे लागले
आणि एक चिंच.
रोज मायेनं घालत गेलो,
उपटली तेव्हा मुळांना ओल्या पोत्याचा वास.
आता आधी बोट खुपसतो,
पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच तांब्या उचलतो.
खालचे टेमकर खूश आहेत,
त्यांच्या चादरींवर ठिबकत नाही हल्ली.

रविवारी पानं पुसणं.
ठाणे-बेलापूर रोडची धूळ फवाऱ्यानं हलत नाही,
तिला जुन्या बनियनचा तुकडा लागतो
आणि पानाखाली दुसऱ्या हाताचा तळवा.
उंबराची एकशे चाळीस पानं.
मोजली होती एकदा,
कंपनीत संप होता तेव्हा.

हा उंबर महाप्याचा.
आमच्या वाइंडिंग शॉपच्या मागे
पाइपच्या सांध्यात उगवला होता.
दुर्गेश बाटलीतून ॲसिड घेऊन निघालेला,
मी म्हटलं, थांब, छिन्नी दे.
डब्यातून घरी आणला, पोळीच्या फडक्यात गुंडाळून.
त्या दिवशी भाजीला मातीची चव होती, असं
सुलभा अजून सांगते. भाजी संपल्यावर ठेवला होता,
हे मी अजून सांगतो.

दर बुधवारी जनूबाई मढवी येते,
पाटीत बोंबील, कधी निवट्या.
सुटे पैसे आणेपर्यंत उंबराकडे बघत बसते.
‘किती वर्साचा?’
अकरा.
‘नि ह्यवराच?’
ह्यवराच.
मग पाटीवरचं फडकं सारखं करत म्हणाली,
‘आमचे बांधावं व्हता यो. खाली चार बैला बसायची.
तो सेक्टर तुमचा, तो आमचा बांध.
आमाला पन त्यांनी असाच कुंडीन लावलाय.’
हसली. दहा रुपये कमी घेतले.
मी काय बोलणार,
बोंबलांची पिशवी धरून उभा राहिलो,
पाणी गळत राहिलं पायावर.

तर, तार.
जळक्या मोटारीतली तांब्याची,
गॅसवर तापवून मऊ केलेली.
जन्मभर मी तार गुंडाळत आलो,
बोटांना वेढे न मोजता कळतात.
पण झाडावरची तार उलगडायची नसते कधी,
उलगडताना फांदी मोडते.
कटरनं एकेक वेढा तोडायचा,
तुकडे वाटीत टाकायचे, टिक, टिक,
एखादा सोफ्याखाली जातो तो होळीला सापडतो.

डावी फांदी मी ऑक्टोबरात बघायला हवी होती.
ऑक्टोबरात आई कळव्याच्या हॉस्पिटलात होती.
तेवढ्या दिवसांत फांदी जाड झाली,
तार सालीत रुतली,
आता काढली तर खाली फिरत गेलेला वळ,
चीक आला पांढरा, चार थेंब.
हळद लावली. उंबराला हळद लावतात का, ठाऊक नाही.
हाताशी तीच होती.

जानेवारीत विटा फोडायच्या,
चाळून तीन ढीग करायचे, मोठा, मधला, आणि भुगा.
चाळण कुठली घेतली
यावरून घरात दोन दिवस अबोला.
मग कुंड्या पाव-पाव वळवायच्या,
म्हणजे पाठमोऱ्या बाजूलाही ऊन मिळेल.
ही सगळी कामं अशी,
की केली तरी कुणाला दिसत नाहीत,
आणि राहिली की ऑक्टोबरासारखी दिसतात.

सोमवारी पहाटे, पहिल्या शिफ्टला निघताना,
मोबाइलचा उजेड टाकून बघितलं.
तार निघालेली ती डावी फांदी
रात्रीत बोटभर वर सरकली होती.
वाटीतला एक तुकडा उचलला,
सरळ करून बघितला,
परत टाकला.
डबा घेतला, लाइट बंद केला.