कधी, ते सांग

यावल रोडला, वजनकाट्याच्या अलीकडे,
सुपडू तडवीचं गॅरेज : चार पत्रे, एक निंब,
निंबाला टांगलेल्या जुन्या ट्यूबा,
आणि खाली मातीत इतकं ऑइल मुरलेलं
की तिथे मुंगी फिरकत नाही.

मी म्हणालो, ब्रेक गेलाय, पॅड बदल.
तो म्हणाला, काय झालं ते नको सांगू भो,
ते मी पाह्यतो.
कधी होतं, ते सांग.

कधी?
मी पिग्मीवाला. फैजपुरात रोज सदुसष्ट दुकानं.
वीस रुपये, पन्नास रुपये, पावती, पुढचं दुकान.
माझा धंदाच थांबण्याचा.
सकाळी पहिल्याच टपरीपाशी पुढचा ब्रेक किंचाळतो, धरत नाही,
मी पुढे निघून जातो
आणि मागून पुंजू पानवाला ओरडतो,
आज पैसे नको का?
दहाव्या दुकानापर्यंत सगळं ठीक.

रोज?
रोज नाही. मंगळवारी. शुक्रवारी.
हे त्याने विचारेपर्यंत
मलाही माहीत नव्हतं.

इंजिनखाली ठोकळा सरकवून त्याने चाक अधांतरी केलं,
शॉकअपचे दोन्ही पाय खालून धरले
आणि मागे-पुढे हलवले, डोळे मिटून,
लंगडणाऱ्या वासराचं ढोपर चाचपावं तसे.
कोनसेट नाही.
हँडल एका बोटाने ढकललं,
ते आपसूक पडलं डावीकडे, मग उजवीकडे,
मधे कुठे अडखळलं नाही.
चाक फिरवलं, कान डिस्कजवळ नेला.
सर्र, एकसारखं.
डिस्कही सरळ.
मग चाक खाली टेकवून, लिव्हर दाबून
अंगाचा सगळा भार हँडलवर टाकला.
गाडी बसली, वर आली,
आणि चकचकीत दांड्यावर उरली
बांगडीएवढी एक ओली रेघ.

ब्रेकचा काही गुन्हा नाही, म्हणाला.
सील फाटलंय वर.
ऑइल पायावरून उतरतं, रात्रीतून डिस्कवर पसरतं.
पॅड बिचारा काय धरेल?

मग सील टाक.
टाकतो. पण फाटलं कशाने?
त्याने दांड्यावर नख फिरवलं. नख अडलं.
काळसर, वाळलेलं, डिंकासारखं काहीतरी.
रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, गेलं नाही.
नाकाजवळ नेलं.
मला वासाची गरज नव्हती.
इकडच्या कुठल्याही बाईला विचारा,
केळीचा चीक कपड्यातून जातो का.

रात्री गाडी कोण नेतं?

सोमवारी, गुरुवारी हितेंद्र नेतो,
मित्राकडे, अभ्यासाला…
वाक्य तोंडातच बसलं, शॉकअपसारखं,
वर काही आलं नाही.
जुलैत तो म्हणाला होता, फीचं पाहू नका,
स्कॉलरशिप झाली.

सुपडू बराच वेळ पॉलिश पेपर घासत राहिला.
सील ठोकलं, ऑइल मापून ओतलं, डिस्क पेट्रोलने पुसली.
साडेचारशे झाले.
पैसे मोजताना म्हणाला, माझ्याकडे न बघता :
पोराला सांग, घड टाकीवर आडवा नको टाकू.
कापल्या दांड्यातून चीक पुढे गळतो.
मागे बांध म्हणा.

रात्री ताटावर मी त्याची बोटं पाहिली.
नखांच्या कडा काळ्या.
तो वरण कालवत होता, भराभर.
त्याच्या आईने विचारलं, गाडीला काय निघालं?
मी म्हणालो, सील.

गुरुवारी संध्याकाळी मागच्या सीटवर
मी गोणपाट दुमडून ठेवलं, वर नवी दोरी,
आणि किल्ली खिळ्याला, नेहमीच्या.

शुक्रवारी गाडी पुंजूच्या टपरीपाशी
थांबायची तिथेच थांबली.
पावती फाडायला मागे वळलो,
गोणपाटावर तळहाताएवढा डाग होता,
अजून ओला.